तीनास एक की पंधरास दोन? तान्ह्या बाळाच्या सीपीआरची पार्श्वभूमी

सीपीआर म्हणजे छाती दाबून आणि श्वास देऊन बंद पडलेलं हृदय चालवणं. त्यातली छाती दाबण्याची पद्धत 1960 मध्ये मांडली गेली, ती मोठ्या माणसांसाठी. नवजात बाळांसाठीचं वेगळं प्रशिक्षण अमेरिकेत 1987 मध्ये सुरू झालं आणि मोठ्या मुलांसाठीचं त्याच सुमारास. तेव्हापासून हे दोन रस्ते वेगळे झाले. आपल्याकडे 2009 मध्ये केंद्र सरकारने नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम आणला आणि प्रसूतिगृहातल्या सिस्टरपर्यंत अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, पोचली.

प्रसूतिगृहात वाद नाही. तिथे बाळ अडतं ते श्वासामुळे, म्हणून तीन दाब, एक श्वास. मिनिटाला 90 दाब आणि 30 श्वास. प्रश्न उरतो तो त्यानंतरच्या दिवसांचा. सीपीआर देणारे दोघे जण असतील तर बालरोगाची, म्हणजे मोठ्या मुलांसाठीची, पद्धत पंधरा दाबांमागे दोन श्वास देते. त्यात दाब सलग मिळतात, पण श्वास बरेच कमी पडतात.

मग अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 2010 च्या मार्गदर्शक सूचनांनी एक तोडगा काढला, आणि सगळा घोळ तिथेच आहे. बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असेल तर तीनास एक. कॅज्युअल्टी, पीआयसीयू (मुलांचा अतिदक्षता विभाग) किंवा अँब्युलन्समध्ये असेल तर पंधरास दोन. हृदय थांबण्याचं मूळ कारण हृदयातलंच असेल तर कुठेही पंधरास दोनच. म्हणजे वय नाही, आधी जागा बघायची. सातव्या महिन्यात जन्मलेलं, तीन महिने एनआयसीयूतच असलेलं बाळ 'नवजात' ठरतं आणि जुन्नरहून 108 मधून पुण्याला आणलेलं दहा दिवसांचं बाळ ठरत नाही. त्यात बाहेरून आलेलं बाळ इन्फेक्शनच्या भीतीने एनआयसीयूत घ्यायला अनेक ठिकाणी खळखळ करतात, ते सरळ पीआयसीयूत जातं. एकाच इमारतीत मजला बदलला की पद्धत बदलते.

जागेचा नियम सोयीचा आहे, हे मान्य. रात्री दोन वाजता वॉर्मरभोवती (बाळाला ऊब देणाऱ्या पाळण्याभोवती) जमलेल्यांपैकी एक रेसिडेंट डॉक्टर 'एक-दोन-तीन-श्वास' म्हणतोय आणि दुसरा पंधरापर्यंत मोजतोय, यापेक्षा कोणतीही एक पद्धत बरी. तरीही माझ्या मते पहिला प्रश्न 'बाळ कुठे आहे' हा नसून 'हृदय का थांबलं' हा असायला हवा. न्यूमोनियाने दमलेल्या वीस दिवसांच्या बाळाला श्वासच जास्त हवेत, ते कुठल्याही मजल्यावर असो. जन्मजात हृदयविकाराच्या बाळाचं गणित वेगळं. यावरचा बहुतेक पुरावा डुकराच्या पिल्लांवरच्या आणि सरावाच्या पुतळ्यांवरच्या प्रयोगांतला आहे, म्हणून जागेच्या नियमाला पक्कं शास्त्र समजू नये.

2020 च्या सूचनांत या दोन पद्धतींतलं अंतर थोडं कमी झालं. श्वासनलिकेत नळी घातलेल्या मुलांसाठी पूर्वी मिनिटाला 8 ते 10 श्वास सांगितले होते, ते 20 ते 30 झाले. दाब मात्र तिथे न थांबता चालू ठेवायचे, आणि नवजात पद्धतीत नळी असली तरी दर तीन दाबांनंतर थांबायचं. हा फरक अजून तसाच आहे. म्हणून काही युनिटमध्ये बाळ भरती होतानाच कोणती पद्धत वापरायची ते केसपेपरवर लिहून ठेवतात आणि ड्यूटी बदलताना ते तोंडीही सांगतात.