385 आकडी संख्या, फुटते हे नक्की, पण कशी ते कुणालाच माहीत नाही

91 ही मूळ संख्या नाही, का, तर 7 गुणिले 13 म्हणजे 91. शाळेत आपण हेच शिकलो, संख्या संयुक्त आहे म्हणायचं तर तिचा एखादा अवयव काढून दाखवा. मला कितीतरी वर्षं वाटायचं की याशिवाय दुसरा मार्गच नसणार. पण 2 चा 1277 वा घात घ्या, त्यातून 1 वजा करा, जी 385 आकडी संख्या येते ती संयुक्त आहे हे शंभर टक्के सिद्ध झालंय आणि तरी तिचा एकही अवयव आजवर कुणाला सापडलेला नाहीये!

हे कसं शक्य आहे? अशा संख्यांसाठी (2 चा घात वजा 1) एक टेस्ट आहे, ल्युका आणि लेमर या दोन गणितज्ञांच्या नावाची, आणि ती इतकी साधी आहे की वहीत करता येते. 4 पासून सुरू करायचं, वर्ग करायचा, 2 वजा करायचे, आपल्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवायची आणि पुन्हा तेच. 2 चा 5 वा घात वजा 1 म्हणजे 31 घ्या: 4 वरून 14, 14 वरून 194 म्हणजे बाकी 8, 8 वरून 62 म्हणजे बाकी 0. घातांकापेक्षा दोन कमी, म्हणजे इथे 3 पायऱ्यांनी शून्य आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर संयुक्त. 1277 साठी 1275 पायऱ्या, कॉम्प्युटरला किरकोळ काम, शेवटी बाकी शून्य येत नाही, विषय संपला. पण या सगळ्यात आपण अवयव शोधलाच नाही ना, त्यामुळे टेस्ट त्याबद्दल अवाक्षर सांगत नाही.

गंमत बघा, 1277 आणि 1279 ही जोडमूळ संख्यांची, म्हणजे फक्त 2 चा फरक असलेल्या मूळ संख्यांची जोडी आहे, आणि 1279 वाली संख्या चक्क मूळ निघाली, 1952 मध्ये राफेल रॉबिन्सन यांच्या प्रोग्रॅमने, लॉस एंजेलिसच्या एका जुन्या कॉम्प्युटरवर. शेजारीण मात्र अजून अडून बसलीये.

असं आधीही झालंय. मेर्सेन या फ्रेंच गणितज्ञांनी 1644 मध्ये 2 चा 67 वा घात वजा 1 मूळ आहे असं लिहून ठेवलं होतं, 1876 मध्ये ल्युकांनी दाखवलं की नाही, पण अवयव त्यांच्याकडेही नव्हते. ते मिळाले 1903 मध्ये, फ्रँक नेल्सन कोल या अमेरिकन गणितज्ञाला: 193707721 गुणिले 761838257287. सांगतात की न्यूयॉर्कच्या सभेत त्यांनी एक शब्द न बोलता फळ्यावर हा गुणाकार करून दाखवला. 27 वर्षं लोकांना फक्त "फुटते" एवढंच माहीत होतं, मला हा किस्सा फार आवडतो.

मग आता एवढे कॉम्प्युटर असताना अडतंय कुठे? सगळ्यात लहान अवयवसुद्धा 193 आकडी असू शकतो, आणि विश्वाचं वय सेकंदांत लिहिलं तरी 18 आकडे होतात, म्हणजे एकेक भागून बघणं विसराच. थोडी मदत आहे, या संख्येच्या कुठल्याही अवयवाला 2554 ने भागलं तर बाकी 1 च यायला हवी आणि 8 ने भागलं तर 1 किंवा 7. (कोलच्या पहिल्या अवयवाला 134 ने, म्हणजे 67 च्या दुपटीने भागून बघा, बाकी 1 येते.) पण एवढ्या चाळणीतूनही उरणारे उमेदवार अफाट आहेत. हुशार पद्धती वापरून 1061 घातांकाची 320 आकडी संख्या 2012 मध्ये फोडली गेली, पण आकडे वाढले की काम भयंकर वाढत जातं. गुणाकार सोपा आणि उलटं जाणं महाकठीण, याच भरवशावर 1977 पासूनची आरएसए नावाची गुप्तलेखनाची पद्धत उभी आहे.

1277 वाल्या संख्येचे तुकडे दोन आहेत, तीन आहेत की दहा, हेही माहीत नाही. जगभर हौशी लोक घरच्या कॉम्प्युटरवर एलिप्टिक कर्व्हची पद्धत लावून शोधतायत, त्यात नशिबाचाही भाग असतो, अवयव त्यातल्या त्यात लहान असेल तर उद्याही हाती लागेल. आणि लागला की तो खरा आहे का हे तपासायला एकच भागाकार पुरेल.