सुटकेनंतरचं पहिलं जेवण

नाकेबंदीतल्या शहरात अन्नाचे ट्रक शिरल्याची बातमी आली की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. पण महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिलेल्या शरीराला पहिलं पोटभर जेवणच जिवावर बेतू शकतं.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियातल्या लेनिनग्राडमध्ये (आजचं सेंट पीटर्सबर्ग) हे घडलं. ८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन फौजांनी शहराचा जमिनीवरचा शेवटचा मार्ग तोडला. २० नोव्हेंबरपासून सामान्य कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम पाव, आणि लहान मुलांसकट बाकी बहुतेकांना १२५ ग्रॅम. त्यातही सरकीची पेंड आणि सेल्युलोज मिसळलेलं. गोठलेल्या लादोगा सरोवरावरून ट्रकने बाहेर काढलेल्या लोकांना पलीकडच्या काठावर जेवण मिळालं, आणि काही जण ते जेवूनच दगावले.

असं का व्हावं? उपासमारीत यकृतातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, दिवसभरात संपत येतं. मग शरीर चरबी जाळतं, स्नायू झिजवतं. पेशींमधला फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचा साठा आटत जातो; रक्तातली पातळी मात्र बरेचदा ठीक दिसते, म्हणून तपासणीही फसवते. अशा वेळी पोटात एकदम पाव-साखर गेली की इन्सुलिन उसळतं. ग्लुकोज पेशीत शिरतं आणि त्याच्यासोबत रक्तातलं उरलंसुरलं फॉस्फेटही आत ओढलं जातं. ग्लुकोज वापरायचं तर त्याला फॉस्फेट जोडावं लागतं, आणि पेशीचं इंधन असलेलं एटीपी फॉस्फेटशिवाय बनतच नाही. तांबड्या पेशींतलं २,३-डीपीजी, म्हणजे ऑक्सिजन सोडायला मदत करणारं फॉस्फेटयुक्त रसायन, तेसुद्धा घटतं, त्यामुळे हिमोग्लोबिन ऑक्सिजन सहजासहजी सोडत नाही. म्हणजे रक्तात साखर आहे, फुप्फुसात हवा आहे, तरी हृदयाच्या आणि श्वासाच्या स्नायूंना बळ नाही. पोटॅशियम घसरल्याने ठोके बिघडतात. साखर जाळायला लागणारं थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, तेही संपलेलं असतं.

दीर्घ उपवासाने शरीरातली ‘विषं’ निघून जातात, असे मेसेज फिरवणाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा. लांबलेल्या उपासमारीत शरीर स्वतःलाच खात असतं.

यावर उपाय आहे, फक्त धीर हवा. तीव्र कुपोषित मुलांना दवाखान्यात आधी एफ-७५ हे दूध देतात: १०० मिलीलीटरमध्ये ७५ कॅलरी, प्रथिनं आणि सोडियम मुद्दाम कमी, दर दोन-तीन तासांनी थोडंथोडं. मूल सावरू लागलं, भूक परतली, की मग एफ-१०० हे जास्त कॅलरींचं दूध. त्यासाठी उकळलेलं पाणी लागतं, रात्री-अपरात्री दूध पाजणारी परिचारिका लागते. नाकेबंदी उठताना पिठाच्या पोत्यांइतकीच घाई यांना आत सोडण्याची करायला हवी.