रिपोर्ट नॉर्मल, मग धाप कसली?

सिग्नलला पुढची बस सुटते, काळा धूर तोंडावर सोडून जाते आणि काही सेकंदांत घसा आवळल्यासारखा होतो. श्वास आत जाईना. दहा मिनिटांनी सगळं पूर्ववत. चार दिवसांनी दवाखान्यात नाकाला चिमटा लावून, तोंडात नळी धरून "फुंका, अजून फुंका, सोडू नका" अशी स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकरीचा जोर मोजणारी चाचणी, होते. आलेख सुरेख येतो. एक्स-रे स्वच्छ. मग तो ठरलेला प्रश्न: "टेन्शन फार घेता का हो?"

टेन्शन तोवर आलेलं असतंच. पण त्या सुरेख आलेखाचा अर्थ एवढाच, की त्या सकाळी त्या खोलीत श्वासनलिका मोकळ्या होत्या. दमा येतो-जातो. म्हणून संशय असेल तर नलिकांना मुद्दाम डिवचून पाहतात. मेथाकोलीन नावाचं औषध वाढत्या मात्रेत श्वासातून देतात आणि पहिल्या सेकंदात बाहेर फेकली जाणारी हवा २० टक्क्यांनी घटते का, ते बघतात. थोडक्या मात्रेतच घटली, तर नलिका हळव्या आहेत. याहून साधा उपाय म्हणजे फुंकरीचा वेग मोजणारं छोटं साधन, पीक फ्लो मीटर, घरी आणून सकाळ-संध्याकाळ फुंकायचं आणि आकडे लिहून ठेवायचे.

जाणवणं आणि मोजमाप यांची जोडी नेहमी जमतेच असं नाही. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर मुख्यतः डिझेलच्या बस आणि टॅक्सी धावत असत, त्या काळात सौम्य ते मध्यम दमा असलेल्या ६० जणांना तिथे दोन तास चालायला लावलं. दुसऱ्या एका दिवशी तितकंच हाइड पार्कमध्ये. २००७ साली निष्कर्ष छापून आले. रस्त्यावर चालल्यावर त्यांची फुंकर जास्तीत जास्त सुमारे सहा टक्क्यांनी घटली होती, पार्कपेक्षा जास्त. पण त्रास असा कुणाला फारसा जाणवलाच नव्हता! आपल्या सिग्नलवरच्या माणसाचं नेमकं उलटं.

मग त्याचा श्वास अडतो कुठे? पुष्कळदा छातीच्या बराच वर, स्वरयंत्रात. श्वास घेताना स्वरतंतूंनी बाजूला व्हायचं असतं. काहींमध्ये धूर, उग्र वास किंवा धावपळ यांमुळे ते ऐन वेळी जवळ येतात आणि वाट चिंचोळी होते. १९८३ मध्ये अशा पाच रुग्णांची हकिगत प्रसिद्ध झाली. त्यांच्यावर दमा समजून उपचार चालू होते. हा प्रकार आजही सर्रास दमा म्हणून खपतो. पंप मारून फरक पडत नाही, म्हणून औषध वाढतं, स्टेरॉइड वाढतं. खुणा मात्र वेगळ्या आहेत. दम्याची शिट्टी बहुधा श्वास सोडताना वाजते, इथे आवाज येतो तो घेताना. "कुठे अडतं?" असं विचारल्यावर हात छातीऐवजी गळ्याकडे जातो. खात्री करायची तर त्रास चालू असताना नाकातून बारीक कॅमेरा घालून बघावं लागतं. एरवी सगळं ठीकठाक दिसतं. उपचार वाचातज्ज्ञ करतात: नाकाने हुंगल्यासारखा छोटा श्वास, मग ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा. ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण अनेकांना त्याने आराम पडतो.

तिसरी शक्यता मज्जातंतूंची. मोहरीचा झणका नाकात भिनतो तो मज्जातंतूंवरच्या 'ट्रिप ए-१' नावाच्या, उग्र रसायनं ओळखणाऱ्या प्रथिनामुळे. धुरातलं आणि गाड्यांच्या उत्सर्जनातलं ॲक्रोलीन हे रसायनही तीच घंटा वाजवतं. एखाद्या विषाणूसंसर्गानंतर हे तंतू इतके चिडके होतात, की एरवी लक्षातही न येणाऱ्या धुराने खोकल्याची उबळ येते. ही ॲलर्जी नव्हे, त्यामुळे ॲलर्जीच्या चाचण्यांत काहीच सापडत नाही.

रुग्णाने डॉक्टरांकडे जाताना फायलीसोबत एक वही न्यावी, असं मला वाटतं. कधी झालं, कुठे झालं, वारा होता का, किती वेळात ओसरलं, एवढंच लिहायचं. (ओठ निळे पडले किंवा एक वाक्यही सलग बोलता येईना, तर वही बाजूला ठेवून थेट इस्पितळ गाठायचं.)

अशाच तारखांनी बार्सिलोनाचं कोडं सोडवलं. १९८१ ते १९८७ दरम्यान या शहरात दम्याच्या २६ साथी आल्या. एखाद्या दिवशी अचानक तातडीच्या विभागात रांग लागायची, आणि ती ओसरायचीही तशीच. शहराच्या धुराकडे बोट दाखवणं सोपं होतं. पण रुग्ण बंदराच्या बाजूने दाटलेले दिसत होते. संशोधक जोझेप मारिया आन्तो आणि सहकाऱ्यांनी बंदरातल्या मालाच्या नोंदी काढल्या. १९८५ आणि १९८६ मधल्या साथीच्या १३ च्या १३ दिवशी जहाजांतून सोयाबीन उतरवलं जात होतं. एका कोठाराला धूळ अडवणारे फिल्टरच नव्हते, आणि मंद वारा ती धूळ शहरात नेत होता. रुग्णांच्या रक्तात सोयाबीनविरुद्धची प्रतिपिंडंही सापडली. कोठाराला फिल्टर बसवले, आणि साथी थांबल्या.