उभ्या लिपीचे पुनरागमन आणि मंगोलांची विभागलेली मायभूमी : पार्श्वभूमी

मंगोलियात 1 जानेवारी 2025 पासून सरकारी कागदपत्रांमध्ये रशियन वळणाच्या सिरिलिक लिपीच्या जोडीने परंपरागत उभी मंगोल लिपी वापरण्याची तरतूद लागू झाली. 2015 मध्ये संमत झालेल्या भाषाविषयक कायद्यानेच ही मुदत ठरवून दिली होती आणि तयारीसाठी जवळजवळ दहा वर्षे मिळाली होती. वरवर पाहता ही प्रशासकीय बाब आहे. परंतु मंगोल समाजाची मायभूमी ज्या रीतीने वाटली गेली, तिचा इतिहास ध्यानात घेतल्याशिवाय या तरतुदीमागची तळमळ कळत नाही.

पश्चिमेला अल्ताई पर्वत, पूर्वेला खिंगन रांगा, उत्तरेला बैकाल सरोवराचा परिसर आणि मधोमध आडवे पसरलेले गोबीचे वाळवंट, असा हा प्रदेश आहे. गोबीच्या उत्तरेकडचा भाग म्हणजे आजचे स्वतंत्र मंगोलिया. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 15 लाख 64 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या जवळपास निम्मे आहे. लोकसंख्या मात्र 35 लाखांच्या आसपास असून त्यातील निम्मे लोक राजधानी उलानबातरमध्ये राहतात. गोबीच्या दक्षिणेकडचा आंतर मंगोलिया हा चीनमधील स्वायत्त प्रदेश आहे. तेथील सुमारे 2 कोटी 40 लाख लोकसंख्येत मंगोलांचा वाटा पाचव्या हिश्शाहूनही कमी आहे, तरीही त्यांची संख्या स्वतंत्र मंगोलियाच्या लोकसंख्येहून जास्त भरते. याखेरीज रशियात बैकालच्या आसपास बुर्यात आणि कॅस्पियन समुद्राजवळ काल्मिक हे मंगोल वंशाचे समाज आहेत. स्वतःच्या नावाच्या देशाबाहेर बहुसंख्येने राहणारा हा समाज आहे, ही गोष्ट लिपीच्या वादात पुन्हा पुन्हा समोर येते.

तेराव्या शतकातील साम्राज्याची कथा वाचकांना परिचित आहे. फाळणीचे मूळ त्यानंतरच्या काळात सापडते. दक्षिणेकडच्या टोळ्या 1636 मध्ये मांचू (पुढे चीनवर राज्य करणाऱ्या छिंग घराण्याच्या) सत्तेखाली आल्या, तर उत्तरेकडच्या खाल्खा टोळ्यांनी 1691 मध्ये त्या सत्तेचे मांडलिकत्व पत्करले. या अर्धशतकाच्या अंतरामुळे दोन्ही भागांची प्रशासकीय व्यवस्था वेगळी राहिली आणि ‘आंतर’ व ‘बाह्य’ ही नावे रूढ झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी मांचू दरबाराने दक्षिणेकडची कुरणे हान (बहुसंख्य चिनी) शेतकऱ्यांच्या वसाहतीसाठी अधिकृतपणे खुली केली. आंतर मंगोलियातील आजचे लोकसंख्येचे प्रमाण बऱ्याच अंशी त्याच धोरणाचे फळ आहे. 1911 मध्ये मांचू सत्ता कोसळताच उत्तरेने स्वातंत्र्य जाहीर केले, पण रशिया, चीन आणि मंगोलिया यांच्या 1915 च्या त्रिपक्षीय करारात ते स्वायत्ततेपुरते आकुंचित झाले. 1921 ची क्रांती रशियन मदतीने यशस्वी झाली आणि 1924 मध्ये प्रजासत्ताक अस्तित्वात आले. चीनने या स्वातंत्र्याला मान्यता दिली ती 1945 च्या सार्वमतानंतर, 1946 च्या जानेवारीत. दक्षिणेत मात्र 1947 मध्ये चिनी कम्युनिस्टांच्या छत्राखाली स्वायत्त प्रदेश स्थापन झाला आणि सीमारेषा पक्की झाली.

या सीमेच्या दोन्ही बाजूंना संस्कृतीचा गाभा एकच होता. घोडा, उंट, गाय किंवा याक, मेंढी आणि बोकड या पाच जनावरांभोवती संसार फिरतो. ‘गेर’ हे लोकरीच्या नमद्याचे गोल घर थोड्या तासांत उभारता येते. घडीच्या लाकडी जाळीची भिंत उघडून वर्तुळात लावायची, मध्ये दोन खांबांवर ‘तोनो’ नावाचे लाकडी कडे तोलून धरायचे, भिंतीपासून त्या कड्यापर्यंत वासे खोचायचे आणि वरून नमदा पांघरून दोरांनी आवळायचे, असा त्याचा क्रम आहे. तोनोतूनच उजेड आत येतो आणि चुलीचे धुराडे बाहेर पडते. घोड्याचे मस्तक कोरलेले दोनतारी ‘मोरिन खूर’, दीर्घ स्वरांची गाणी आणि घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे ‘आइराग’ हा वारसाही दोन्हीकडे आढळतो. दीर्घ गायनाचा जागतिक वारसा म्हणून झालेला गौरव तर 2005 मध्ये मंगोलिया व चीन या दोन्ही देशांनी मिळून मागितला होता.

लिपीची गोष्ट इ. स. 1204 च्या सुमारास सुरू होते. पराभूत नायमान टोळीच्या दरबारातील एका उइगुर कारकुनाकरवी उइगुर लिपी मंगोल भाषेसाठी घेण्यात आली, अशी परंपरा आहे. ही लिपी वरून खाली लिहितात आणि ओळी डावीकडून उजवीकडे सरकतात. शब्दाच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी अक्षराचे रूप बदलते, आणि ‘त’ व ‘द’ किंवा ‘ओ’ व ‘उ’ यांसाठी बहुधा एकच खूण असते. पुढे इतरही लिप्या झाल्या. 1269 मध्ये साम्राज्यातील सर्व भाषांसाठी एक चौकोनी लिपी काढली गेली, 1587 मध्ये संस्कृत व तिबेटी ध्वनींसाठी जादा अक्षरे जोडली गेली, 1648 मध्ये पश्चिमेकडच्या ओइरातांसाठी ‘स्पष्ट लिपी’ तयार झाली, आणि 1686 मध्ये भारतीय वळणाची सोयोंबो लिपी आली. ‘स्वयंभू’ या संस्कृत शब्दावरून नाव मिळालेल्या या लिपीचे एक चिन्ह आजही मंगोलियाच्या राष्ट्रध्वजावर आहे. या साऱ्यांतून रोजच्या वापरात टिकली ती जुनी उभी लिपीच.

वादाचे केंद्र आहे 1941 चा निर्णय. सोव्हिएत संघातील अनेक भाषांना 1920 च्या दशकात रोमन लिपी देण्यात आली आणि तोच वारा मंगोलियातही पोहोचला. 1930 च्या दशकात रोमन लिपीचे प्रयोग झाले आणि 1941 च्या फेब्रुवारीत ती अधिकृत करण्याचा ठराव झाला. मार्च संपण्यापूर्वीच तो ठराव बाजूला सारून सिरिलिक स्वीकारण्याचा निर्णय घेतला गेला. रोमन वर्णमालेत सर्व ध्वनी नीट उमटत नाहीत, असे कारण त्या वेळी देण्यात आले. पण तोवर सोव्हिएत संघातील बहुतेक भाषा रोमनकडून सिरिलिककडे वळवण्यात आल्या होत्या, त्यामुळे केवळ भाषाशास्त्रीय कारणाने एवढी घाई झाली, हे पटणे कठीण आहे.

त्या काळाची परिस्थितीही विसरता येत नाही. पूर्वेला मांचुरियात आणि आंतर मंगोलियाच्या मोठ्या भागात जपानचे वर्चस्व होते. 1939 मध्ये खाल्खिन गोल येथे जपानी सैन्याशी मोठे युद्ध झाले होते. सर्व मंगोलांना एका राज्यात आणण्याची कल्पना मॉस्कोला धोक्याची वाटत होती, आणि एकच लिपी हा त्या कल्पनेचा सर्वांत सहज धागा होता. त्यातच 1937 ते 1939 या वर्षांतील दडपशाहीत हजारो लामा, जुने अधिकारी आणि बुर्यात विद्वान मारले गेले होते, शेकडो विहार उद्ध्वस्त झाले होते. ज्यांनी लिपीबदलाला अधिकारवाणीने आक्षेप घेतला असता, ते लोकच उरले नव्हते. निर्णयाविरुद्ध आवाज उठला नाही याचा अर्थ तो सर्वमान्य होता, असा लावणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल.

सिरिलिकच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे आणि तो मान्य करायला हवा. रशियन वर्णमालेत दोन अक्षरे घालून केलेली 35 अक्षरांची ही लिपी आजच्या खाल्खा बोलीच्या उच्चाराशी जुळते. जुन्या लिपीत मात्र मध्ययुगीन उच्चार गोठलेला आहे. राजधानीच्या नावातील ‘बातर’ म्हणजे वीर, आपल्या ‘बहादूर’चा सख्खा भाऊ. सिरिलिकमध्ये तो ऐकू येतो तसाच लिहितात, तर उभ्या लिपीत ‘बगातुर’ असे लिहून ‘बातर’ वाचावे लागते. शिकणाऱ्या मुलाला हा भार आहेच. पण याच गोठलेल्या लेखनामुळे खाल्खा, दक्षिणेकडचे चाहार, बुर्यात असे वेगवेगळे उच्चार करणारे लोक एकच मजकूर वाचू शकत होते. बुर्यात आणि काल्मिक यांना वेगवेगळ्या धर्तीची सिरिलिक मिळाली आणि हा समाईक वाचनाचा दुवा तुटला. साक्षरता वाढली ती सिरिलिकमुळे, हे विधानही अर्धेच खरे आहे, कारण जुनीच लिपी शिकवणाऱ्या आंतर मंगोलियातही शाळा पसरल्या तशी साक्षरता पसरली.

मोडी मागे पडल्यावर आपल्याकडे दप्तरांतील कागद वाचणारे मोजकेच जाणकार उरले, तसेच उलानबातरच्या ग्रंथालयांतही घडले. फरक एवढाच की मोडीतील मजकूर देवनागरीत आणताना भाषा ओळखीचीच राहते, तर तेथे वर्णलेखनही बदलल्याने केवळ अक्षरओळख पुरत नाही.

1990 च्या शांततापूर्ण लोकशाही क्रांतीनंतर हा प्रश्न तातडीने पुढे आला. 1994 पर्यंत सरकारी कामकाज जुन्या लिपीत नेण्याचा ठराव झाला आणि पहिलीची मुले उभ्या लिपीत अक्षरे गिरवू लागली. परंतु सोव्हिएत मदत आटली होती, दुकानांत वस्तू नव्हत्या, पुरेसे शिक्षक नव्हते, आणि पालकांना स्वतःच्या मुलांचा अभ्यास घेता येत नव्हता. ठराव गुंडाळला गेला आणि उभी लिपी वरच्या इयत्तांतील एक विषय होऊन राहिली. हे अपयश इच्छाशक्तीच्या अभावापेक्षा मुहूर्ताचे अधिक होते. संगणकानेही पुढे साथ दिली नाही. 1999 मध्ये ही लिपी युनिकोड या संगणकीय अक्षरांच्या जागतिक मानकात आली, पण उभ्या ओळी आणि स्थानानुसार बदलणारी अक्षररूपे पडद्यावर नीट दिसण्यास बरीच वर्षे गेली.

सीमेपलीकडे उलटे घडले. आंतर मंगोलियातही 1955 च्या सुमारास सिरिलिक आणण्याचे ठरले होते, पण चीन व सोव्हिएत संघ यांच्या धोरणांत अंतर पडू लागताच ते बारगळले आणि उभी लिपी टिकली. चिनी नोटांवर ती आजही छापलेली दिसते. ज्यांना स्वतंत्र राज्य मिळाले त्यांची लिपी गेली आणि ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्याकडे ती राहिली, अशी ही विभागणी होती. 2020 च्या सप्टेंबरपासून मात्र तेथील मंगोल शाळांत भाषा-साहित्य, नीती-राजकारण आणि इतिहास हे विषय टप्प्याटप्प्याने चिनी माध्यमात नेण्याचे आदेश निघाले. पालकांनी मुलांना शाळेत पाठवणे थांबवले, निदर्शने झाली, अटकाही झाल्या. त्याच वर्षाच्या मार्चमध्ये उलानबातरने लिपीच्या पुनरागमनाचा राष्ट्रीय कार्यक्रम मंजूर केला होता, म्हणजे तो त्या आदेशाला दिलेले उत्तर नव्हता. तरीही तेव्हापासून त्या कार्यक्रमाकडे पाहण्याची दृष्टी बदलली, आणि जी लिपी दक्षिणेत सुरक्षित आहे असे गृहीत धरले जात होते, ती शिकवण्याची जबाबदारी आता उत्तरेकडच्या शाळांवर अधिक येऊन पडली आहे.