टीम चेरी

ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरातला स्वतंत्र व्हिडिओ गेम स्टुडिओ. ‘हॉलो नाईट’ (२०१७) आणि ‘हॉलो नाईट : सिल्कसाँग’ (२०२५) या दोन गेमवर त्याचा सगळा लौकिक आहे. ॲनिमेटर एरी गिब्सन आणि विल्यम पेलन हे संस्थापक. कामाचा मुख्य भार पहिल्यापासून मूठभर लोकांवरच राहिला. कमाई वाढली तरी माणसे फारशी वाढवली नाहीत.

सुरुवात ऑगस्ट २०१३ मध्ये ‘लुडम डेअर’ या गेम-जॅममध्ये झाली. ऐनवेळी जाहीर होणाऱ्या विषयावर दोन-तीन दिवसांत गेम करून द्यायचा, असा हा उपक्रम. त्या खेपेचा विषय होता ‘दहा सेकंद’. त्यासाठी केलेल्या ‘हंग्री नाईट’मधला चिमुकला योद्धा किडे मारत आणि चेरी गोळा करत भूक भागवतो. ‘पृष्ठभागाखाली’ असा विषय असलेल्या पुढच्या एका जॅमची मुदत दोघांच्या हातून निसटली, पण विषय डोक्यात राहिला. तोच योद्धा जमिनीखालच्या उद्ध्वस्त कीटकनगरीत उतरवला आणि ‘हॉलो नाईट’ची जुळवाजुळव सुरू झाली.

नोव्हेंबर २०१४ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ३५,००० ऑस्ट्रेलियन डॉलरचे आवाहन केले. २,१५८ जणांकडून ५७,१३८ डॉलर जमले. किकस्टार्टरचा ५ टक्के वाटा आणि पैसे वळते करण्याचे ३ ते ५ टक्के वजा जाता हाती साधारण ५२,००० उरतात. दोन माणसांचा वर्षभराचा खर्चही त्यात जेमतेम निघावा, आणि गेमला लागली त्याच्या दुपटीहून जास्त वर्षे. लोकवर्गणीवरच्या गेमची खरी अडचण मात्र वाढीव उद्दिष्टांत असते. रक्कम अमुक आकड्यावर गेली की तमुक भर घालू, असे वचन देताना ती भर फुकट वाटते. पण प्रत्येक वचन म्हणजे काही महिन्यांचे काम. टीम चेरीच्या अशा वचनांपैकी दोन पुढे फार महागात पडली : निन्टेंडोच्या वी यू या कन्सोलसाठी आवृत्ती, आणि हॉर्नेट हे खेळता येणारे दुसरे पात्र. गेम तयार होईपर्यंत वी यूच बाजारातून गेला, म्हणून ती आवृत्ती निन्टेंडोच्याच स्विच या पुढच्या कन्सोलवर न्यावी लागली. हॉर्नेटचे पुढे काय झाले ते खाली येईल.

स्टेन्सिल हे जॅमपुरते सोयीचे साधन सोडून स्टुडिओ युनिटी या गेम बनवण्याच्या इंजिनवर आला. गेम दिसतो सपाट, पण आत रचना त्रिमितीय आहे. हाताने काढलेली पाने, खांब, वेली यांचे चपटे तुकडे कॅमेऱ्यापासून कमी-जास्त अंतरावर मांडलेले असतात. कॅमेरा सरकला की जवळचे झपाट्याने आणि लांबचे संथ सरकतात. खोलीचा भास आपोआप होतो. प्रकाशसुद्धा बराचसा असाच, अर्धपारदर्शक मऊ आकार एकावर एक ठेवून साधलेला. शत्रूंची वागणूक प्लेमेकर या साधनात आराखड्यासारखी जोडली जाते : गस्त, योद्धा दिसला, क्षणभर दबा, झेप, दम खाणे, पुन्हा गस्त. ‘दबा’ची वेळ थोडी वाढवली तर शत्रू सोपा होतो, थोडी कमी केली तर जीवघेणा. हा बदल कोड न लिहिता करता येतो, म्हणून दोघे संस्थापक स्वतःच शत्रू घडवू शकले.

२४ फेब्रुवारी २०१७ रोजी गेम विंडोजवर आला, किंमत १५ अमेरिकी डॉलर. स्विचची आवृत्ती १२ जून २०१८ ला आली आणि तिने मोठा खेळाडूवर्ग मिळवून दिला. ऑगस्ट २०१७ ते ऑगस्ट २०१८ या काळात चार भर-संच निघाले, चारही फुकट. ख्रिस्टोफर लार्किन यांचे संगीत गेमइतकेच गाजले.

हॉर्नेटचे वचन असाच एक भर-संच म्हणून फेडायचे होते. पण ती योद्ध्यापेक्षा उंच आणि चपळ. तिच्या उडीला जुन्या खोल्या पुरेनात. नवा नकाशा आखावा लागला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘सिल्कसाँग’ स्वतंत्र गेम म्हणून जाहीर झाला. त्यानंतर तो साडेसहा वर्षे आला नाही. मे २०२३ मध्ये मुदत उघडपणे पुढे ढकलली गेली. काम अडले होते असा सर्वसाधारण समज होता. संस्थापकांचे म्हणणे उलटे, की काम मजेत चालले होते आणि म्हणूनच वाढत गेले. काढलेले प्रत्येक चित्र गेममध्ये जाणार हे लक्षात आल्यावर गिब्सनना नवी रेखाटने थांबवावी लागली. पहिल्या गेमच्या दीड कोटी प्रती खपल्यामुळे घाई करायला लावणारा कोणी प्रकाशक डोक्यावर नव्हता. ही चैन फार थोड्या स्टुडिओंना परवडते.

तारीख जाहीर झाली ती फक्त दोन आठवडे आधी. तिला बगल देण्यासाठी काही छोट्या स्टुडिओंनी आपले गेम पुढे ढकलले. समीक्षकांनाही आगाऊ प्रती दिल्या नाहीत : वर्गणीदारांच्या आधी त्यांनी खेळणे बरोबर नाही, ही भूमिका. ४ सप्टेंबर २०२५ रोजी २० डॉलरला विक्री उघडताच स्टीम हे संगणकावरच्या गेमचे ऑनलाइन दुकान आणि कन्सोलची ऑनलाइन दुकानेही कोलमडली. स्टीमवर एकाच वेळी पाच लाखांहून अधिक लोक खेळत होते.

तक्रारी लगेच आल्या. सुरुवातीचेच शत्रू एका फटक्यात दुप्पट इजा करतात, ही मुख्य. पहिल्या दुरुस्तीत सुरुवातीचे दोन मोठे शत्रू थोडे नरम केले गेले. सरलीकृत चिनी भाषांतर मात्र इतके बोजड आणि कृत्रिम उतरले होते, की त्या भाषेतील स्टीमवरचे अभिप्राय घसरले आणि स्टुडिओला ते सुधारण्याचे जाहीर करावे लागले.