संगणकातील फॉन्ट : साठवण आणि व्यवस्था

अक्षरांच्या आकृत्या आणि त्या जुळवण्याचे नियम ज्या फाइलमध्ये साठवलेले असतात तिला फॉन्ट म्हणतात. मजकुराच्या फाइलमध्ये अक्षरांचे केवळ क्रमांक असतात. त्यांना रूप मिळते ते फॉन्टमुळे. म्हणूनच घरी नीट दिसणारी फाइल छापखान्यातल्या संगणकावर बिघडलेली निघू शकते.

नागपुरात ही अडचण दुहेरी आहे. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या या शहरात मराठी आणि हिंदी, दोन्हींची छपाई चालते. इतवारी, महाल, सीताबर्डीकडच्या डीटीपीवाल्याला, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पाने जुळवणाऱ्याला, हिंदीसाठी कृतिदेव आणि मराठीसाठी श्रीलिपी किंवा शिवाजी असे जुने फॉन्ट अजूनही बाळगावे लागतात. या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. कृतिदेवमध्ये ‘नागपूर’ टाइप केले, तर फाइलमध्ये यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे ही रोमन अक्षरेच नोंदली जातात. फॉन्ट काढला की तीच समोर येतात. दुसरा जुना फॉन्ट लावूनही भागत नाही, कारण प्रत्येकाची मांडणी निराळी. नव्या कामाला असे फॉन्ट वापरू नयेत.

युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या वर्णांना क्रमांक देणारे सामाईक मानक. त्यात देवनागरीच्या मुख्य विभागाला १२८ जागा आहेत आणि प्रत्येक वर्णाचा क्रमांक ठरलेला आहे. ‘विदर्भ’ हा शब्द व, ऱ्हस्व वेलांटी, द, र, हलंत, भ याच क्रमाने साठतो. वेलांटी ‘व’च्या आधी काढणे, ‘र’चा रफार करून ‘भ’वर चढवणे, हे काम संगणकाची मजकूर-प्रणाली फॉन्टमधल्या ओपनटाइप नियमांच्या, म्हणजे अक्षरे जुळवण्याच्या ठरावीक पद्धतीच्या नियमांच्या, आधारे करते. विंडोज २००० सोबत आलेला मंगल हा असाच फॉन्ट. काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची दोन्ही वळणे असतात. मजकुराची भाषा मराठी नोंदवली, की पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप येतो. नागपूरच्या दुभाषी छपाईला ही सोय फार मोलाची आहे.

फॉन्टच्या फाइली बहुधा टीटीएफ किंवा ओटीएफ प्रकारच्या असतात. विंडोजमध्ये त्या विंडोज फोल्डरातल्या ‘फॉन्ट्स’मध्ये राहतात आणि त्यांची नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, होते, २०१८ पासून विंडोज १० मध्ये केवळ स्वतःच्या खात्यापुरताही फॉन्ट बसवता येतो. मॅकवर फॉन्ट सांभाळण्यासाठी ‘फॉन्ट बुक’ हा प्रोग्राम आहे. लिनक्समध्ये फाइल फॉन्टच्या फोल्डरात ठेवून ‘एफसी-कॅश’ ही आज्ञा दिली की यादी ताजी होते.

शेकडो फॉन्ट भरून ठेवले तर यादी लांबते आणि काही प्रोग्राम उघडायला वेळ घेतात. एकाच नावाच्या दोन आवृत्त्या असतील, तर ओळी वेगळ्या ठिकाणी तुटून पानांची मांडणी सरकते. विंडोज नव्याने टाकण्याआधी बाहेरून आणलेल्या फॉन्टची प्रत काढून ठेवणे अत्यावश्यक आहे.

छपाईला देताना पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड करणे, म्हणजे त्या फाइलमध्येच भरून देणे, उत्तम. मात्र फॉन्टच्या परवान्यात तशी मुभा हवी. लग्नपत्रिकेसाठी कोरलड्रॉ या मांडणीच्या प्रोग्राममध्ये मजकूर ‘कर्व्ह’ करून देण्याचीही पद्धत आहे. तेव्हा अक्षरांची चित्रे होतात आणि फॉन्टची गरज संपते, पण मुहूर्ताची वेळ बदलायची झाली तर टाइप करून दुरुस्ती होत नाही. त्यासाठी कर्व्ह न केलेली मूळ फाइल तिच्या फॉन्टसह वेगळी ठेवावी लागते.