कांजीच्या डोक्यावरचा उच्चार

देवनागरीत अक्षर दिसले की उच्चार कळतो, अर्थ मागाहून लागला तरी वाचन अडत नाही. जपानी वाचकाचे अनेकदा याच्या उलट होते. कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेले अर्थवाही चिन्ह, पाहून अर्थाचा अंदाज येतो, पण ते मोठ्याने कसे म्हणायचे तेच उमगत नाही. म्हणून मुलांच्या पुस्तकांत कांजीच्या वर, आणि उभ्या मजकुरात उजवीकडे, हिरागाना या उच्चारदर्शक जपानी लिपीच्या बारीक अक्षरांत तिचा उच्चार छापतात. त्याला फुरिगाना म्हणतात. हिरागानाची मूळ अक्षरे अवघी ४६, तर नित्य वापराच्या सरकारी यादीतील कांजी २१३६. (हिरागानाचा आ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-ना हा क्रम आपल्याला ओळखीचा वाटतो, कारण तो संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून बसवला गेला आहे.)

हे काम संगणकावर सोपवताना प्रत्येक चिन्हापुढे एक उच्चार लिहिलेली यादी पुरत नाही. रविवारला जपानीत ‘निचियोबी’ म्हणतात. त्यातील तीन कांजींपैकी पहिली आणि शेवटची एकच, सूर्याची किंवा दिवसाची. तरी ती आरंभी ‘निचि’ आणि शेवटी ‘बी’ अशी वाचली जाते. तिच्याआधी ‘आता’ या अर्थाची कांजी आली की ‘आज’ या अर्थाचा ‘क्यो’ हा शब्द होतो, आणि त्यातला कोणता ध्वनी कोणत्या कांजीचा हे वेगळे काढताच येत नाही.

म्हणजे उच्चार शब्दाचा असतो, आणि जपानी लिपीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. परदेशी नागरिकांचा राजकीय सहभागाचा हक्क सांगणारा सहा कांजींचा शब्द ‘गाइकोकुजिन’ आणि ‘सानसेइकेन’ असा तोडायचा असतो. तोच ‘गाइकोकु’, ‘निनजिन’, ‘सेइकेन’ असा तोडला, तर परदेश, गाजर आणि राजवट असे तीन शब्द हाती येतात, आणि माणसाची कांजी ‘जिन’ऐवजी ‘निन’ वाचली जाते. जपानी वाक्य शब्दांत तोडणाऱ्या मेकाबसारख्या संगणक प्रणाली म्हणूनच शब्दकोशाच्या आधारे वाक्य तोडण्याचे संभाव्य मार्ग मांडतात, प्रत्येक शब्दाला आणि शेजारच्या दोन शब्दांच्या जोडणीला एक किंमत देतात आणि ज्या मार्गाची एकूण किंमत सर्वांत कमी तो निवडतात.

व्यक्तिनामांपुढे मात्र हा हिशेब लंगडा पडतो. ‘भरारी घेणे’ या अर्थाची एकच कांजी कोणाच्या नावात ‘शो’, कोणाच्या ‘काकेरु’, तर कोणाच्या ‘त्सुबासा’ असते, आणि आजूबाजूच्या वाक्यातून त्याचा काहीच सुगावा लागत नाही. जपानच्या कुटुंब-नोंदवहीत, म्हणजे कोसेकीत, नावाचा उच्चारही नोंदवण्याची तरतूद २६ मे २०२५ पासून लागू झाली. तोवर तिथे अधिकृत नोंद केवळ लिखित रूपाचीच होती.